प्रभावतीच्या मुलीचं नाव

मागच्या पावसाळ्यात माझ्या मामेबहिणीने इटलीहून एक रील पाठवलं. असिसी नावाचं गाव. डोंगराच्या उतारावर फिक्या गुलाबी दगडांची घरं, चढणीच्या अरुंद गल्ल्या आणि भर चौकात सहा खांबांचं रोमन देऊळ. ते मिनर्व्हा देवीचं. पुढे त्याचं चर्च झालं, आतली देवी गेली, मेरी आली, खांब मात्र तेच राहिले. १७८६ मध्ये जर्मन कवी ग्योथे तिथे गेला, तेव्हा त्याने संत फ्रान्सिसचं जगप्रसिद्ध चर्च बाजूला ठेवलं आणि फक्त हे देऊळ बघितलं. रीलखाली बहिणीने लिहिलं होतं, "असं काही आपल्याकडे का नसतं यार?"

मी उत्तर दिलं, "रामटेक."

तिने हसणारे तीन चेहरे पाठवले. आमच्याकडे रामटेक म्हटलं की लोकांना शाळेची सहल आठवते, शिरा-पुरीचा डबा आठवतो आणि तो डबा पळवणारी माकडं आठवतात. हे प्रेक्षणीय स्थळ आहे, असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

मी नागपुरातल्या लकडगंजची. नावातच सगळं आलं: लाकडाच्या टाली, आरामशिनी, भुशाचा वास. आता टेलिफोन एक्स्चेंज चौकातून डोक्यावरून मेट्रो जाते, पण खाली सागाचे ओंडके अजून तसेच रचलेले असतात. बाबा एका टालीवर हिशेब लिहायचे. ओंडक्याच्या तोंडावर जंगल खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. तो बघून माल कुठून आला ते बाबा सांगायचे. ठसा पुसट झाला की बोट फिरवून वाचायचे. मला तो खेळ वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. नागपूरकडचे खूप लोक अस्थी घेऊन रामटेकच्या अंबाळ्याला जातात. गडाच्या पायथ्याशी, डोंगराच्या कुशीत हा तलाव आहे. भोवती दगडी घाट आणि लहानमोठी देवळं. आम्हीही गेलो. दादा पिंडदानाला बसला. गुरुजींनी गोत्र विचारलं, आईचं नाव विचारलं, मग आजीचं, मग पणजीचं, म्हणजे बाबांच्या आजीचं. आजीपर्यंत सगळं नीट झालं. पणजीपाशी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबांनाही आठवेना. पणजोबांचं नाव सगळ्यांना पाठ होतं, कारण घराच्या जुन्या कागदांवर ते आहे. गुरुजींना ही गोष्ट नवी नसावी. ते क्षणभर थांबले आणि नावाशिवायच पुढचा मंत्र म्हणू लागले.

मागे उभ्या उभ्या मला आईचाच राग आला होता, हे मला आठवतं. तिने आम्हाला कधी सांगितलं का नाही?

त्या दिवशी आम्ही गड चढलोच नाही. बहिणीच्या त्या रीलनंतर मी एकटीच परत गेले. इतवारी स्टेशनवरून रामटेकची लोकल गाडी सुटते. कामठी, मग कन्हान नदीचा पूल, मग कन्हान स्टेशन. तिथून मुख्य रूळ पुढे निघून जातात आणि आपली गाडी फाट्यावर वळते. रामटेकला हा फाटा संपतो. चाळीसेक किलोमीटरचा सगळा प्रवास. डब्यात भाजीची पोती आणि शाळकरी पोरं. गड लांबूनच दिसतो. सपाट भातखाचरांच्या मुलखात घोड्याच्या नालेसारखी वळलेली एकच डोंगररांग, आणि तिच्या पश्चिम टोकाला पांढरी शिखरं.

गावातून जाताना पानमळ्यांबद्दल विचारलं. रामटेकचं कपुरी पान एके काळी नावाजलेलं होतं. बारई समाजाचे लोक सावलीच्या मांडवात नागवेल जपायचे. रिक्षावाला म्हणाला, "आता कमी झाले ताई. पान खाणारेच खर्‍यावर गेले." नागपूरचा इतिहास इतक्या थोडक्यात मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

वरच्या रामाच्या आणि लक्ष्मणाच्या देवळात गर्दी असते. नागपूरकर भोसल्यांनी गडाची डागडुजी केली, तट आणि दरवाजे बांधले. लोक वराह दरवाजाने आत शिरतात आणि सरळ दर्शनाला जातात. दरवाजाजवळ उघड्या मंडपात लाल दगडाचा एक अखंड वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत जायचं, पापी असेल तो अडकतो अशी समजूत. शाळेच्या सहलीत मी अडकले होते. बाई म्हणाल्या होत्या, "डबा खाऊन आलीस म्हणून." हा वराह पाचव्या शतकातला आहे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही कुणी सांगितलं नसेल.

पाचवं शतक म्हणजे वाकाटकांचा काळ. अजिंठ्याची उत्तम लेणी ज्यांच्या राज्यात कोरली गेली, त्या घराण्याची थोरली शाखा इथे राज्य करत होती. रामटेकच्या दक्षिणेला सातेक किलोमीटरवर नगरधन आहे. ते त्यांचं नंदिवर्धन. पश्चिमेला मनसर आहे. आता ते गाव मँगनीजच्या खाणीसाठी आणि महामार्गावरच्या ढाब्यांसाठी ओळखलं जातं. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथे उत्खनन सुरू झालं आणि टेकडीतून विटांचं प्रचंड देऊळ आणि शिल्पं बाहेर आली. पुष्कळ अभ्यासक त्याला दुसऱ्या प्रवरसेन राजाचं प्रवरेश्वर मानतात. काहीजण तिथे नागार्जुनाचं बौद्ध स्थान बघतात. नागपूरच्या आसपास एकही टेकडी अशी नाही जिच्यावर दोन दावे नाहीत.

मी शोधत होते ते मात्र राजाचं देऊळ नव्हतं. गडावर मुख्य देवळांपासून बाजूला दोन ठेंगणी, जाड भिंतींची देवळं आहेत, जवळजवळ जुळी. एक रुद्र नरसिंह, दुसरं केवल नरसिंह. आत शिरायला वाकावं लागतं. अंधाराला डोळे सरावले की समोर एक भलामोठा लाल नरसिंह बसलेला दिसतो. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, आतडी नाहीत, रक्त नाही. एक पाय दुमडून, हात चक्रावर टेकवून तो निवांत बसला आहे. शेतावरून आलेला माणूस ओट्यावर बसतो तसा. मी गेले तेव्हा तिथे एक आजी उदबत्ती लावत होत्या आणि कॉलेजची दोन मुलं सेल्फी काढत होती. एवढीच माणसं.

(जाता जाता: पंतप्रधान होण्याआधी पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ अशा दोन निवडणुकांत रामटेकचे खासदार म्हणून निवडून आले. नरसिंहाच्या डोंगराला नरसिंहच खासदार! नागपुरात हा विनोद झालाच असणार.)

केवल नरसिंहाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. तो कितीतरी काळ चुन्याच्या थराखाली होता आणि १९८० च्या दशकात अभ्यासकांपुढे आला. हान्स बाकर आणि हारुनागा आयझॅक्सन या दोन संशोधकांनी १९९३ मध्ये त्याचं सविस्तर वाचन छापलं. लेखाचे मोठे भाग झिजून, तुटून गेले आहेत. ओळी मध्येच सुरू होतात आणि मध्येच संपतात. पण जे उरलंय त्यावरून दिसतं ते असं: वाकाटक घराण्यातल्या एका मुलीने आपल्या आईच्या पुण्यासाठी हे देऊळ बांधलं आणि आतल्या देवाला आईचं नाव दिलं, प्रभावतीस्वामी.

आई म्हणजे प्रभावतीगुप्ता.

ही कोण, हे दोन ओळींत सांगून भागणार नाही. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातली कुबेरनागा यांची ही मुलगी. लग्न वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाशी झालं. तो लवकर गेला आणि मागे लहान मुलगे राहिले. प्रभावतीने राज्य हातात घेतलं. थोडे दिवस नाही. थोरल्या मुलाच्या, दिवाकरसेनाच्या, युवराजपदाच्या तेराव्या वर्षीही ताम्रपट तीच काढत होती. हा ताम्रपट पुण्यात सापडला, म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. कार्तिक शुद्ध द्वादशीला, म्हणजे एकादशीचा उपास सोडायच्या दिवशी, तिने नंदिवर्धनाहून एका गावाचं दान दिल्याची त्यात नोंद आहे.

या ताम्रपटात एक गोष्ट अशी आहे, जी वाचून मी मोबाईल खाली ठेवला होता. राजघराण्याच्या ताम्रपटाची सुरुवात वंशावळीने होते. प्रभावतीच्या ताम्रपटात वंशावळ येते ती गुप्तांची, म्हणजे माहेरची. आणि गोत्र? वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. ती लिहिते धारण. ते तिच्या वडिलांचं गोत्र. गुप्तांनी स्वतःच्या इतक्या लेखांमध्ये आपलं गोत्र सांगितलेलं नाही. भारतातल्या एवढ्या गाजलेल्या घराण्याचं गोत्र आपल्याला माहीत आहे ते सासरी गेलेल्या मुलीमुळे. लग्न झालं की बाईचं गोत्र बदलतं, हे मी अंबाळ्याच्या घाटावर गृहीत धरलं होतं. सोळाशे वर्षांपूर्वी त्याच डोंगराच्या सावलीत एका बाईने ते धरलं नव्हतं.

तिला हे परवडलं कारण बाप चंद्रगुप्त होता, असं कुणी म्हणेल. खरंय. मोळी विकणाऱ्या बाईला ताम्रपट काढता येत नाही.

तिचा दुसरा महत्त्वाचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला. तो काढला तेव्हा ती म्हातारी झाली होती आणि धाकटा मुलगा प्रवरसेन राज्यावर होता, तरी दान तिच्या नावाने आहे. दिलं कुठून? रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून. रामगिरी म्हणजे हाच डोंगर. वा. वि. मिराशींनी हे सगळे लेख आयुष्यभर जमवले, वाचले, आणि १९६३ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. कालिदासाच्या 'मेघदूता'तला शापित यक्ष जिथे वर्षभर राहतो तो रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत त्यांनीच ठामपणे मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही. कुणी छत्तीसगडच्या रामगडाकडे बोट दाखवतं, जुना टीकाकार मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो. पण आमच्याकडे हा वाद संपल्यात जमा आहे. गडावर कालिदास स्मारक झालं, १९९७ मध्ये गावात कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आलं. ज्या पुरुषाच्या इथे राहण्याचा एकही पुरावा दगडावर नाही त्याचं स्मारक आणि विद्यापीठ आहे. जिचं नाव दगडावर आहे, तिच्या देवळापाशी संरक्षित स्मारकाचा फलक आहे. कालिदासावर माझा राग नाही. आषाढात गडावरून उत्तरेला सरकणारे ढग बघितले की मिराशींचं म्हणणं पटतंच.

नगरधनला महाराष्ट्र पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी काही वर्षांपूर्वी खोदकाम केलं. तिथे भाजलेल्या मातीचं एक मुद्रांकन मिळालं. अंडाकृती, साडेतीन सेंटिमीटर लांब, वजन पाच रुपयांच्या नाण्याइतकं. त्यावर शंख आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ताचं नाव. तो फोटो मी झूम करून बघितला तेव्हा मला ओंडक्यावर बोट फिरवणारे बाबा दिसले.

आता मुलीकडे. जिने देऊळ बांधलं तिचं नाव काय? शिलालेखात ते बहुधा होतं. तो भाग खराब आहे. अभ्यासकांनी उरलेल्या अक्षरांवरून नाव जुळवायचा प्रयत्न केला आहे, पण निर्विवाद वाचता येईल असं काही राहिलेलं नाही. भावाचं नाव पक्कं आहे, आजोबांचं आहे, आईचं तर देवालाच दिलंय. ज्या हाताने हे केलं तो हात तेवढा तुटलाय.

या डोंगराची नावं मात्र थांबली नाहीत. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा, तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख आहे. त्यात हा डोंगर सिंदूरगिरी होतो: नरसिंहाने हिरण्यकशिपूला फाडलं, त्याच्या रक्ताने दगड लाल झाले. त्यातच शंबूकही येतो. रामायणाच्या उत्तरकांडातला, तप केलं म्हणून रामाने मारलेला शूद्र. गडावर धूम्रेश्वर नावाचं शिवस्थान आहे, आणि जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेली स्थानिक कथा अशी की मरताना शंबूकाने वर मागितले: रामा, तू इथेच राहा, आणि आधी माझी पूजा होऊ दे. म्हणून रामाआधी धूम्रेश्वर. लकडगंजच्या शाळेत माझ्या वर्गात अशा मुली होत्या ज्यांनी घरी शंबूकाचं नाव रामाच्या आधी ऐकलं होतं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेवर लिहिताना शंबूकाचा दाखला दिला होता, तो त्यांच्या घरात पाठ होता. त्यांना ही कथा सांगितली असती तर त्या काय म्हणाल्या असत्या? "मारायचं आणि मग आधी पूजा करायची, हे बरंय," असंच काहीतरी. तेही बरोबरच झालं असतं. मी धूम्रेश्वराला हात जोडले. कुणाला जोडले, ते मला नीट सांगता येणार नाही.

खाली उतरताना भोगराम लागतं. दोन गाभाऱ्यांचं हे देऊळ आज महानुभाव पंथाचं स्थान आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी तरी इथे थांबावं. गुजरातेतला हरिपाळदेव रामटेकच्या रामाच्या यात्रेला म्हणून घरून निघाला. वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले आणि हरिपाळदेवाचे चक्रधर झाले. त्यांच्या आठवणी म्हणजे 'लीळाचरित्र', मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. आपल्या भाषेतली ही एवढी मोठी गोष्ट रामटेकला निघालेल्या एका यात्रेकरूपासून सुरू होते, हे आम्हाला सहलीत कुणी सांगितलं नाही. आणि रिद्धपूर तेच, जिथे प्रभावतीचा ताम्रपट मिळाला. दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरी मला ते आवडलं.

पायथ्याला शांतिनाथांचं दिगंबर जैन क्षेत्र आहे, दोन-तीन माणसांच्या उंचीची उभी मूर्ती. आमच्या भागातले कितीतरी व्यापारी दरवर्षी जातात. जवळच कपूर बावडी, पायऱ्यांच्या तळाशी देवळं असलेली विहीर. पाऊस झाला होता, पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, मी वरूनच बघितली. खिंडसी तलावावर बोटी आहेत, तिकडे गेलेच नाही.

शेवटी अंबाळ्याला आले. संध्याकाळ होत होती. घाटावर एक कुटुंब बसलं होतं. मुंडन केलेला मुलगा, तांब्या, दर्भ. गुरुजी वेगळे होते. ते नावं विचारत होते आणि मुलगा मोबाईल बघून सांगत होता. कुणीतरी त्याला यादी पाठवली असावी. तीनही पिढ्यांची. बायकांचीसुद्धा.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. कन्हानच्या पुलावर रेंज आली तेव्हा मी आत्याला फोन लावला. ती भंडाऱ्याला असते, ऐंशी पार केलीय, पण डोकं लख्ख.

"आत्या, तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

"कोनती आजी?"

"बाबांची आजी. तुमच्या वडिलांची आई."

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"सगळे तिले मोठीबाईच म्हनत," ती म्हणाली. "आमीबी तेच म्हनो. नाव कोनी घेतच नोतं."

"पण होतं तर असेल ना?"

"असंलच की. माहेरचं येगळं, सासरचं येगळं." मग जरा थांबून, "सावनेरची काकू हाय अजून. तिले माहीत असंल तं. ईचारतो मी. पन काहून पायजेन तुले?"

गाडी कामठीत शिरत होती. माणसं उतरायला दाराशी गोळा झाली होती, आवाज वाढला होता. मी म्हटलं, "लिहून ठेवायचंय." तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.